पाटावर बसवलेलं पुस्तक

धर्माजीदादा म्हात्रे यांच्या उजव्या कानावर कायम पेन्सिल असते. झिजून पेराएवढी उरली तरी ते ती टाकत नाहीत, वेताच्या कांडीत खोचून पुढे वापरतात. माघ-फाल्गुनात पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घेऊन ते आमच्या रेवदंड्यात दारोदार येतात. बरीच वर्षं मला वाटायचं, हा माणूस कधीतरी सुतारकाम करत असणार आणि सवय राहिली असणार. तसं नव्हतं.

त्यांचं गाव साळावचा पूल ओलांडून खाडीच्या आतल्या अंगाला. गावाची शेती आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध आहे आणि त्या बांधात एका जागी उघाडी. उघाडी म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला शेतातलं गोडं पाणी तिच्यातून बाहेर जातं आणि भरती चढायच्या आत तिची फळी नीट खाली बसावी लागते. फळीखाली एखादा ओंडका नाहीतर कुणाची वाहून आलेली चप्पल अडकली की खारं पाणी आत शिरलं म्हणून समजा. एकदा जमिनीला खार लागला की तीन वर्षं भात नाही.

दादा एकेचाळीस वर्षं ही उघाडी सांभाळतायत. शिक्षण चौथी. पायात वहाण घालत नाहीत. बांध कुठे भुसभुशीत झालाय, खेकड्यांनी कुठे पोखरलाय, ते तळपायाला आधी कळतं असं त्यांचं म्हणणं. पेन्सिल असते ती भरतीची वेळ लिहायला. उघाडीशेजारी त्यांचं खोपट आहे, त्याच्या दारावर ते रोज वेळ लिहितात आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून नवी लिहितात.

वेळ काढायची रीत त्यांनी मलाही शिकवली. तिथी धरायची, तिचा चौथा भाग टाकायचा, उरेल तितके वाजता भरती. आज अष्टमी असेल तर आठातले दोन गेले, सहा वाजता पाणी भरणार.

"ह्याला घड्याल नको, मोबाइल नको," ते म्हणाले होते. "तुमी पूजेसाठी तिथी बगता, आमी पान्यासाठी बगतो. पंचांग एकच."

हे बोलणं झालं त्याला कारण माझी वही. मी रोजची वही लिहिते. डोक्यावर तिथी, खाली नैवेद्याला काय केलं, कोण आलं, कोण गेलं, झाडाला किती सुपाऱ्या लागल्या असलं काहीबाही. एका वर्षी एका तिथीचा क्षय होता आणि दादांच्या दिनदर्शिकेचं नेमकं तेच पान उंदराने खाल्लं होतं, म्हणून ते विचारायला आले. मी वही उघडून दिली. दादा उभ्याउभ्या मागची चार पानंही वाचून गेले. मला जरा कसंसंच झालं, पण वाचता वाचता त्यांचे ओठ हलत होते आणि मान डोलत होती, ते पाहून बरंही वाटलं.

"वयनी, तुमचा बरा हाय," वही परत देत ते म्हणाले. "तुमी लिवता नि ठेवता. मी लिवतो नि पुसतो."

आता थोडं माझं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मला विज्ञानकथा वाचायचं वेड आहे. माहेरी मुरुडला भाऊ दिवाळी अंक आणायचा. त्यातल्या परग्रहांच्या, यानांच्या गोष्टी त्याच्या आधी मीच वाचून काढायची. लग्न होऊन इथे आले तर सासूबाई कडक. बाईने देवाचं वाचावं, फार तर लोणच्याचं वाचावं. "हे रॉकेटचं काय वाचत बसतेस? चंद्रावर उतरायचंय का?" असं एकदा चारचौघांत म्हणाल्या आणि सगळे हसले. मग मी पुस्तकाला पोथीसारखं लाल बासन शिवलं, वरून नाडी लावली आणि ते देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवू लागले. दुपारी नाडी सोडून बसले की बघणाऱ्याला वाटे, सूनबाई पोथी वाचतायत.

सासूबाईंना जाऊन चौदा वर्षं झाली. बासन राहिलं. देवाची फसवणूक केली असं मला कधी वाटलं नाही. एवढी सृष्टी ज्याने मांडली त्याच्या कप्प्यात चंद्रताऱ्यांचं पुस्तक ठेवलं तर तो काय रागावणार आहे? भय होतं ते माणसांचं. गावात मला 'पोथीवाल्या वहिनी' म्हणतात. कुणाकडे पारायण निघालं की पोथी माझ्याकडून जाते. मला ते नाव आवडतं, खोटं कशाला बोलू? पण ते जपण्यापायी अठ्ठावीस वर्षांत एकाही माणसाशी मी त्या गोष्टींबद्दल बोलले नव्हते. आपल्या आसपास असं वाचणारं आणखी कुणी असेल हेही मनात आलं नव्हतं.

गेल्या माघात दादांच्या बायकोचं, सोनूबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नीट दिसायला लागलं तर घरात तीन दिवसांचं पारायण करीन असं ती बोलली होती. दिसायला लागलं. त्रयोदशीला सुरुवात, पौर्णिमेला समाप्ती, वाचणार स्वतः दादा असं ठरलं. पोथी न्यायला ते अष्टमीला आमच्याकडे आले. मी देवळात गेले होते. त्या सकाळी मी देवघर पुसायला काढलेलं, त्यामुळे दोन्ही लाल बासनं चौरंगावर एकावर एक. आमच्या ह्यांनी वरचं उचलून दिलं.

पोथीचं बासन आंघोळ केल्याशिवाय कुणी सोडत नाही. ह्यांनी सोडलं नाही, दादांनी सोडलं नाही. लाल कापड दिसलं, पुरे झालं.

दोन दिवस माझे पापड लाटण्यात गेले. दशमीला दुपारी जरा निवांत बसले, नाडी सोडली आणि हातात पोथी. तशीच ह्यांच्याकडे गेले.

"अहो, धर्माजीदादांना काय दिलंत तुम्ही?"

"पोथी."

"पोथी ही काय माझ्या हातात!"

ह्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मग यानवालं गेलं वाटतं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून. पोथी वाचताना तू गप्प असतेस. ते वाचताना मध्येच 'अगं बाई' म्हणतेस."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"तू बोललीस का?" असं म्हणून हे पेपरात शिरले.

ह्यांना हसू येत होतं, मला येत नव्हतं. त्रयोदशीच्या पहाटे दादा आंघोळ करून सगळ्या भावकीसमोर बासन सोडणार आणि आतून निघणार दोन चंद्रांच्या ग्रहावरची गोष्ट. त्यांच्या घरच्या शुभकार्यात विघ्न, आणि माझं नाव गावभर. काहीही करून त्याच्या आत ते पुस्तक परत आणायला हवं होतं.

एकादशीला दुपारी पिशवीत खरी पोथी घेतली आणि रिक्षा करून त्यांच्या गावी गेले. ओटीवर दादांची थोरली बहीण गोदूबाई बसली होती. वय पंचाहत्तरच्या पुढे, आवाज मात्र सगळ्या आळीला पुरणारा. शेजारी पाट, पाटावर लाल बासन, त्यावर झेंडूचं फूल, समोर समई. कोंबड्या हाकायला गोदूबाईच्या हातात काठी.

"आवो वयनी, आताच आल्या? पारायन तेरसला हाय."

"दादांकडे काम होतं. आत्याबाई, ते बासन जरा बघू का? नाडी नीट आहे का तेवढं बघते."

"हात न्हाय लावायचा!" काठी आडवी आली. "सोनूनं हलदकुंकू लावून बशिवलंय. तुमची पोथी, मान्य हाय. पन एकदा पाटावर बसली का मंग ती तुमची न्हाय नि आमची न्हाय."

बरोबरच होतं तिचं. मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

"दादा कुठे आहेत?"

"उघाडीवर. सोनू भाकरी घेऊन गेलीया. तीन दिस झाले बगा, भाकरी द्याया जाते नि दोन-दोन तास येत न्हाय. मोतीबिंदू काय काडला, नवऱ्याला बगत बसते जनू."

म्हटलं, चला, दादांनाच खरं काय ते सांगू. बांधावरून निघाले. पुरती ओहोटी होती, खाडीत नुसता चिखल चमकत होता आणि बगळे फिरत होते. खोपट वीसेक पावलांवर आलं तसा आतून वाचण्याचा आवाज आला. पोथीच्याच चालीवर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर लांबवून. वाटलं, दादा पारायणाची तयारी करतायत. आणखी चार पावलं गेले तर शब्द ऐकू आले.

"थोरला चंद्र बुडाला... आणि आभाने... मनोऱ्यावरचा दिवा लावला..."

मी जागच्या जागी थांबले. पुढचं वाक्य मला पाठ होतं. ते मी फक्त माझ्या मनातच ऐकलेलं, दुसऱ्या माणसाच्या तोंडून कधी नाही.

आतून सोनूबाईचा आवाज आला. "मंग? वर तर कोन न्हाय. दिवा बगनार कोन?"

"आगं ऐक तरी."

"रोज लावते?"

"रोज."

"कुनी नसताना?"

"तू तुलशीम्होरं लावतेस तवा कोन असतो?"

"द्येव असतो!"

"मंग तिथं काय द्येव न्हाय का?"

मला बाहेर हसू फुटलं आणि त्याचा आवाज झाला. आत एकदम खसफस. मी दारात गेले तेव्हा दादा मांडीवर गोणपाट घेऊन बसले होते आणि सोनूबाई भाकरीच्या फडक्याच्या घड्या घालत होती. घालून झालेली घडी उलगडून परत घालत होती.

"वयनी! एकादशीचं उन्हातानाचं हिकडं?"

"पोथी ठीक आहे ना, म्हटलं बघून यावं."

"पोथी? एकदम ठीक. पाटावर हाय. आमी हात न्हाय लावला."

"आणि हे काय वाचत होता?"

"ह्ये?" त्यांनी गोणपाटावरून हात फिरवला. "ह्ये आपलं... शेतकी खात्याचं."

"शेतकी खात्याला दोन चंद्र कधी झाले, दादा?"

सोनूबाईने फडकं तोंडाला लावलं. दादांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली, आणि मग सगळं सांगितलं. अष्टमीच्या संध्याकाळी आंघोळ करून त्यांनी बासन सोडलं होतं. चौथी शिकलेला माणूस, चारचौघांत अडखळायला नको, म्हणून आधी एकदा वाचून बघावं. बासन सुटल्यावर त्यांनी पान उघडायच्या आधी सोनूबाईने डोळ्यांत ड्रॉप घातलेल्या अवस्थेत, मान खाली घालून, पुस्तकाला हळदकुंकू लावून ठेवलंच होतं.

"पयल्याच पानावर समुद्र," दादा म्हणाले. "लगेच आनून द्याया पायजे व्हतं, कलतं मना. पन म्हनलं आज संपल, उद्या संपल. चूक झाली, वयनी."

"मग त्या पाटावरच्या बासनात काय आहे?"

"पंचांग. गेल्या सालचं."

म्हणजे ओटीवर गोदूबाई काठी घेऊन गेल्या सालचं पंचांग राखत होती. आम्ही तिघंही हसलो, आणि हसता हसता दादा मध्येच थांबले. "पन वयनी, तुमच्या बासनात ह्ये आलं कसं?"

मी सांगायला आले होते ते हेच, आणि तरी आधी पिशवीतली पोथी उगाच नीट केली. "माझंच आहे ते. मी वाचते असली. लहानपणापासून."

दादा उठले, माळ्यावरून पत्र्याचा बिस्किटांचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. आत जुन्या दिवाळी अंकांतून फाडलेली पानं, एकेक गोष्ट वेगळी करून जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने शिवलेली. सगळ्या यानांच्या, ग्रहांच्या, यंत्रमाणसांच्या. अलिबागच्या रद्दीवाल्याकडून तीस वर्षं जमवलेल्या. माझं पुस्तकही त्याच रद्दीवाल्याकडचं, पहिली चार पानं आणि नाव गेलेलं, पुठ्ठा मी घातलेला. त्या ढिगापाशी आम्ही दोघं किती वेळा एकाच दिवशी वाकलो असू, देव जाणे.

"घरात हसतात," ते म्हणाले. "हितेश म्हनतो, बाबा उघाडीवर बसून यान सोडतात." हितेश त्यांचा मुलगा, उरणला ट्रेलर चालवतो. "ही सुदीक हसायची. आता डोलं आले तर वाचून दाव म्हनते."

"मना वाचता येत न्हाय, पन आयकाया काय?" सोनूबाई म्हणाली.

मी पानं चाळत होते. समासात जागोजागी पेन्सिलीने लिहिलेलं. दारावरचं ते पुसतात, हे पुसलेलं नव्हतं. 'पाणी असे चढत नाही.' 'चंद्र लांब गेला तर भरती लहान होईल, लेखक विसरला.' 'हे बरोबर.' आणि त्यात एक गोष्ट निघाली ती मी सातवीत असताना मुरुडच्या घरी पायरीवर बसून वाचलेली. मी ती मांडीवर घेऊन बसले, आणि मग आम्ही किती बोललो, किती नाही. यंत्रमाणसाला पाप लागेल का, दुसऱ्या ग्रहावर एकादशी कशी धरायची, हेही निघालं. दादांचं म्हणणं, तिथला चंद्र बघून धरायची, आणि दोन चंद्र असतील तर उपासही दोन. "तुमची काही सुटका न्हाय, वयनी." मध्येच ते उठून बाहेर डोकावले आणि फळीची साखळी बघून आले. पाणी वळलं होतं.

पुस्तक मी त्यांच्याकडेच ठेवलं, शेवटची पंचवीस पानं राहिली होती. खरी पोथी सोनूबाईने हातपाय धुऊन घेतली. "गोदूवन्सं दुपारी लवंडतात, तवा बदलते," ती म्हणाली, आणि बदललीही. माझं नाव राहिलं. घरी येऊन वहीत एकादशी घातली, खाली लिहिलं, 'धर्माजीदादांकडे जाऊन आले,' आणि पुढे काय लिहावं ते कळेना म्हणून तिथेच पेन ठेवलं.

पौर्णिमेला समाप्तीला हे आणि मी गेलो. दादांनी वाचन साडेदहाला संपवलं. पंधरातला चौथा भाग गेला की सव्वाअकरा राहतात, आणि पौर्णिमेचं म्हणजे उधाणाचं पाणी. कपाळावरच्या गंधासकट ते बांधावर धावले, फळी नीट बसलेली आहे ना ते बघून परत आले आणि मगच पंगत बसली. वाचताना एकदाही अडखळले नाहीत. भावकी खूश होती. फक्त सोनूबाईचा चेहरा उतरलेला. नवस फिटला, डोळे आले, आणि बाई वालाचं बिरडं वाढते ती कुणाच्या मयताला आल्यासारखी.

माझ्या पानाशी आली आणि डाव तसाच हातात धरून उभी राहिली. "वयनी, एक इचारू? ह्ये म्हनतात, ती आभा बुडाली. पुस्तकात तर लिवलंय घरी पोचली. कोन खरा?"

समोरच्या ओळीत दादांचा घास हातात राहिला. "सोने, नंतर."

"नंतर का? दोन दिस गोड लागत न्हाय मना."

"कोन आभा?" गोदूबाई भिंतीशी बसली होती, तिथून आवाज आला. "कुनाची पोर? कुटं बुडाली?"

चाळीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. 'काही नाही हो, आमचं आपलं' असं म्हणता आलं असतं, आणि पुढच्या पारायणाची पोथीही माझ्याकडूनच गेली असती. दादा पानाकडे बघत होते. ते माझं नाव सांगणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. सोनूबाई मात्र त्या नव्या डोळ्यांनी सरळ माझ्याकडे बघत होती, तिला खरंच हवं होतं उत्तर.

"आत्याबाई, ती पुस्तकातली बाई आहे," मी म्हटलं. "माझ्या पुस्तकातली. मी बासनात ठेवते ते. पोथीऐवजी चुकून ते तुमच्याकडे आलं आणि एक दिवस पाटावर बसलं. मग बदललं. चूक आमची, तुमच्या घरच्या कुणाची नाही."

"पोथीवाल्या वयनी गोष्टी वाचतात?" कुणीतरी म्हणालं.

"हो. रॉकेटच्या."

आमचे हे शांतपणे म्हणाले, "लग्न झाल्यापासून," आणि बिरडं वाढून घेतलं.

मग मीच दादांकडे वळले. "दादा, बुडाली कशी?"

दादांनी पानावरचे दोन लाडू हातात घेतले. गोष्ट अशी आहे: सगळं पाणीच असलेल्या एका ग्रहावर, समुद्रातल्या मनोऱ्यावर आभा एकटी राहते. तिला घरी न्यायला येणारं यान एका खडकावर उतरणार, आणि तो खडक पाण्याबाहेर येतो तो सगळ्यात मोठ्या ओहोटीला. लेखक म्हणतो, एक चंद्र डोक्यावर आणि दुसरा क्षितिजावर होता, तेव्हा ती ओहोटी आली.

"कशी येल?" दादांनी एक लाडू वाटीच्या वर धरला, दुसरा बाजूला. "ह्यो हिकडं वढतो, त्यो तिकडं. ही अष्टमी झाली. अष्टमीला भांग असतो, पानी ना पुरतं चढत, ना पुरतं उतरत. खडक पान्याखालीच. यान उतरलं का बुडालं. मी काय करू? पानी जे करत न्हाय ते मी कसं सांगू हिला?" मग दोन्ही लाडू एका रेषेत आणले. "असे आले तर खडक उघडा पडंल. थोरला बारा दिसात फिरतो, धाकटा चोवीस. म्हंजे अजून सा दिस थांबाया पायजे."

"सा दिस थांबंल ती," सोनूबाई म्हणाली. "पन खाईल काय? तिनं तर सगलं आवरून ठेवलं व्हतं."

आणि मला ते पान आठवलं. घरातली बाई ते पान विसरणारच नाही. "आवरलं, पण टाकलं नाही," मी म्हटलं. "निघायच्या आदल्या दिवशी ती फडताळ उघडून बघते. नऊ दिवसांचं खाणं उरलेलं असतं. मागून येणाऱ्या माणसाला होईल म्हणून ती ते झाकून ठेवते. नऊ दिवसांचं आहे, सोनूबाई. सहा दिवस सहज निघतील, वर तीन दिवसांचं मागच्याला."

दादांनी लाडू पानात ठेवले. "त्या पानावर पानी नव्हतं, म्हनून मी भराभर वाचलं."

"बगा!" सोनूबाईने डाव त्यांच्याकडे रोखला. "पान्याच्या म्होरं काय दिसत न्हाय तुमाला. पोचली का न्हाय पोर?"

"पोचली," दादा म्हणाले. "सा दिस उशिरा. पन पोचली."

सोनूबाईने मला बिरड्याचे दोन डाव वाढले, मी नको नको म्हणत असताना. आणि मग गोदूबाईचा आवाज आला. मी मान खाली घातली, म्हटलं, आता पाटावरच्या पुस्तकाचं निघणार.

"त्ये समदं ठीक," गोदूबाई म्हणाली. "बाईचं खानं झालं. पन यानात बसून आलेली मानसं? त्यांनी सा दिस वर काय खाल्लं?"

दादांनी कानावरची पेन्सिल काढली.

त्याला आता तीन महिने झाले. दर एकादशीला दुपारी मी उघाडीवर जाते. गोदूबाईही येते, कोंबड्या हाकायची काठी टेकत. 'ह्ये खोटं हाय' हे तिचं आवडतं वाक्य, आणि पुढचं ऐकल्याशिवाय उठत नाही. पोथ्या अजून माझ्याकडूनच जातात, फक्त नेणारा ओटीवर बासन सोडून खात्री करून घेतो आणि जाताना हळूच विचारतो, दुसरं ते आहे का.

माझं पुस्तक परत आलं. शेवटच्या पानाखाली पेन्सिलीने लिहिलंय, 'सहा दिवस उशिरा. खाणे नऊ दिवसांचे. यानातील माणसांचे बघावे लागेल.' घरी आणलं तेव्हा ठरवलं होतं की आता लपवाछपवी पुरे, बाहेरच्या कपाटात उघडं ठेवायचं. पुठ्ठ्यावर बघितलं तर सोनूबाईने लावलेलं हळदकुंकू अजून तसंच. हळदकुंकू लागलेलं पुस्तक कपाटात कपड्यांच्या शेजारी कसं ठेवायचं? पुन्हा बासनात बांधलं आणि देवघरात खालच्या कप्प्यात ठेवून दिलं.